आधी जर्नल बदला: रसायनशास्त्राच्या अभ्यासमंडळांना आणि विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या रसायनशास्त्र अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य आणि विज्ञान महाविद्यालयांमधले रसायनशास्त्राचे विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोकणातल्या एका बल्क ड्रग कारखान्यात (औषधांतला मूळ घटक बनवतात तिथे) क्वालिटी कंट्रोलमध्ये, म्हणजे क्यूसीत, माल तपासण्याचं काम करते. माझं बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्ही रसायनशास्त्रात, आणि तेही आपल्याच विद्यापीठांत झालं. नवीन केमिस्ट घेताना मुलाखतीला बसणाऱ्यांत मी असते, आणि घेतलेल्या मुलांना हाताशी धरून शिकवण्याचं कामही बहुतेक माझ्याकडेच येतं. तुमच्या प्रयोगशाळेतून निघालेलं मूल आमच्या प्रयोगशाळेच्या दारात येतं तेव्हा नेमकं कुठे अडतं, हे रोज डोळ्यांसमोर घडतं. म्हणून हे पत्र, मुख्यतः प्रॅक्टिकलच्या वहीविषयी, म्हणजे जर्नलविषयी.

उन्हाळ्यात निकाल लागले की आमच्याकडे अर्ज यायला लागतात. खेड, चिपळूण, महाड इथले असतातच, पण कऱ्हाड, सांगली, अगदी लातूर-नांदेडहूनही येतात. मुलं हुशार असतात, गुण उत्तम असतात, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेलं असतं. तरी त्यातली मोजकीच टिकतात. उरलेल्यांपैकी कुणी पुढे भेटलं की कळतं, एक कॉल सेंटरला लागला, एक फायनान्स कंपनीच्या वसुलीवर फिरतो, एकीने एम.पी.एस.सी.चा क्लास लावला. यातलं कोणतंच काम हलकं नाही. पण ज्या विषयावर तीन-तीन, पाच-पाच वर्षं घालवली आणि ज्यात पुढे जायचं स्वप्न धरलं, तो विषय तिथेच सुटला. आणि त्याच वेळी आमच्या लॅबमधल्या जागा महिनोन्‌महिने भरत नाहीत.

या विषयात नोकऱ्याच नाहीत असं म्हणावं, तर आपल्या राज्यात रसायनांचे पट्टेच्या पट्टे आहेत. तारापूर-बोईसर, अंबरनाथ, पाताळगंगा, रोह्याजवळ धाटाव, महाड, लोटे परशुराम. घाटावर दौंडजवळ कुरकुंभ, सोलापूरजवळ चिंचोळी, छत्रपती संभाजीनगरला वाळूज आणि शेंद्रा. शेजारच्या गोव्यात वेर्णा. कारखाना कितीही लहान असो, कच्चा माल तपासल्याशिवाय आत जात नाही आणि तयार माल तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही. ते तपासणारा हात रसायनशास्त्र शिकलेल्याचा लागतो. मग गाठ बसत का नाही?

मुलाखतीत मी एक साधा प्रश्न विचारते. समोर कोरा कागद ठेवते आणि सांगते, टायट्रेशनची (द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजायच्या चाचणीची) तीन रीडिंग आली: १०.२, १०.६ आणि १०.१. आता या कागदावर लिहा. बहुतेक मुलं व्यवस्थित तक्ता आखतात, तिन्ही रकान्यांत १०.२, १०.२, १०.२ भरतात आणि खाली लिहितात, सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच आलेलं रीडिंग) १०.२ मि.ली. हे ती लपूनछपून करत नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत, स्वच्छ अक्षरात करतात, कारण तेच बरोबर आहे असं त्यांना मनापासून वाटतं. मी विचारते, ‘१०.६ कुठे गेलं?’ उत्तर येतं, ‘मॅडम, ते चुकलेलं होतं.’ ‘कशावरून चुकलेलं?’ इथे बोलणं थांबतं.

एकदा एका मुलीने तिन्ही आकडे जसेच्या तसे लिहिले आणि खाली स्वतःहून एक ओळ लिहिली: दुसऱ्या वेळी एंड पॉइंट (रंग बदलतो ती जागा) पुढे गेला असावा, रंग गडद आला होता का ते पाहावं लागेल, आणखी एक टायट्रेशन करावं. तिचे गुण इतरांहून कमी होते. इंग्रजी अडखळत होतं, म्हणून पुढचं सगळं आम्ही मराठीतच बोललो. एचपीएलसी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) तिने चित्रातच पाहिलं होतं. तिला आम्ही घेतलं, आणि आज ती मशिनवर एकटीने काम करते. मशिन चालवायला आम्ही शिकवू शकतो. आलेला आकडा आहे तसा लिहायची सवय मात्र आमच्याकडे येईपर्यंत लागलेली असावी लागते. ती नसेल तर मुलाची पहिली कित्येक महिन्यांची मेहनत जुनी सवय मोडण्यातच जाते, आणि काहींची मोडतच नाही.

ही सवय लागते कुठे? जर्नलमध्ये. आपण सगळे त्यातूनच गेलो आहोत. प्रॅक्टिकलला रीडिंग रफ वहीत किंवा कागदाच्या कपट्यावर घ्यायचं, तेही पेन्सिलने. मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये उत्तर किती आलं होतं ते बघायचं. आपलं त्याच्या आसपास बसवायचं. मग महिनाअखेरीला घरी बसून फेअर जर्नल उतरवायचं, रेघा लाल शाईने मारायच्या, सर्टिफिकेटच्या पानावर सही घ्यायची. परीक्षेला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येतात, ज्याचं उत्तर अपेक्षित आकड्याच्या जवळ त्याला गुण जास्त. तीन वर्षांत मूल एक गोष्ट पक्की शिकतं: आकडा आधी ठरलेला असतो, प्रयोगाने त्याच्यापर्यंत पोचायचं असतं.

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगते. वजनकाट्याचं रीडिंग काट्याला जोडलेल्या प्रिंटरमधून निघतं, तो कागद वर्कशीटला लागतो, त्यावर सही आणि तारीख. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आलाच पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, चुकीचं कारण, सही, तारीख. व्हाइटनर आणि पेन्सिल लॅबमध्ये आणता येत नाही. वजन हातावर किंवा चिठ्ठीवर टिपलं आणि नंतर सावकाश वर्कशीटवर उतरवलं, तर आकडा अगदी बरोबर असला तरी त्याचा जाब द्यावा लागतो, कारण ज्या क्षणी काम झालं त्याच क्षणी ते लिहिलं गेलं नाही. एचपीएलसीच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक कृतीची आपोआप होणारी नोंद, असतो. कुणी, कधी, आलेखातला कोणता पीक (उंचवटा) पुन्हा मोजला, सगळं त्यात राहतं. निकाल मर्यादेबाहेर गेला तर त्याला आम्ही ओओएस (आउट ऑफ स्पेसिफिकेशन) म्हणतो. तो पुसून पुन्हा टेस्ट लावता येत नाही. पिपेट कोणतं घेतलं, स्टँडर्ड कधी बनवलं, मोबाइल फेजचा (एचपीएलसीतून वाहणाऱ्या द्रावणाचा) पीएच किती होता, असा माग काढत जावं लागतं, आणि कारण सापडल्याशिवाय पहिला निकाल रद्द करता येत नाही.

या साऱ्याला उद्योगात डेटा इंटिग्रिटी म्हणतात. गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, कितीतरी भारतीय औषध कारखान्यांना वॉर्निंग लेटर पाठवली, त्यांतल्या अनेकांत मुख्य ठपका हाच होता: निकाल पुसले, पुन्हा चाचणी करून चांगला तेवढा ठेवला, नोंदी नंतर भरल्या. आपल्याकडच्या औषध नियमांमधलं शेड्यूल एम (कारखान्यातल्या उत्पादनपद्धतीचे नियम) २०२३ च्या डिसेंबरअखेरीस सुधारलं, त्यातही नोंदींच्या शिस्तीवर भर आहे. म्हणजे तुमच्या फेअर जर्नलमध्ये ज्याला शाबासकी मिळते, त्यासाठी आमच्याकडे माणसाची नोकरी जाते. हे मुलाला बाविसाव्या वर्षी, पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळावं, हा त्याच्यावर अन्याय आहे असं मला वाटतं.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत कळकळीची मागणी जर्नलची आहे. एकच वही ठेवा. ती प्रयोगशाळेतच, पेनने, काम चालू असताना भरली जाऊ द्या. फेअर जर्नल बंद करा. खोडायचं झालं तर एका रेघेने, सही-तारखेसह. गुण देताना उत्तर किती जवळ आलं याच्याइतकंच, किंवा त्याहून जास्त, रीडिंग खरं आहे का आणि फरक का पडला हे मुलाला सांगता येतं का, ते बघा. तोंडी परीक्षेत एक्स्टर्नलनी एवढंच विचारावं: तुझं तिसरं रीडिंग वेगळं का आलं? ज्याची तिन्ही रीडिंग दर वेळी तंतोतंत सारखी येतात, त्याला अधिक प्रश्न विचारा.

मला माहीत आहे, तुमच्या अडचणी खऱ्या आहेत. वीस-पंचवीस मुलांची बॅच, वजनकाटे दोन-तीन, त्यातला एक बंद. जागा रिकाम्या, म्हणून तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक, आणि त्यांना दोन महाविद्यालयं सांभाळून घर चालवायचं असतं. अशा वेळी ठरलेलं उत्तर आणि सुबक जर्नल सगळ्यांना सोयीचं पडतं. पण मी मागते आहे त्याला पैसा लागत नाही. एचपीएलसी लाखोंचं यंत्र आहे, ते प्रत्येक महाविद्यालयाने घ्यावं असं मी म्हणणार नाही. पीएच मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफरने कॅलिब्रेट करून त्याची नोंद ठेवणं, रोज सकाळी प्रमाणित वजन ठेवून काटा तपासणं, ब्लँक (नमुना न घालता केलेली चाचणी) लावणं आणि तो का लावतात हे समजणं, द्रावण बनवलं की बाटलीवर नाव, तीव्रता, तारीख आणि मुदत लिहिणं, एवढं आहे त्या साहित्यात होतं. हे चार-दोन धडे अंगात मुरलेला मुलगा आमच्याकडे आला, तर एचपीएलसीची व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्यापेक्षा आम्हाला तो हवा आहे.

दुसरं म्हणणं माहितीचं आहे. विषयातली नोकरी शोधायची तर त्या विषयात कोणकोणती कामं असतात हे आधी ठाऊक हवं. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला मी विचारते, ‘तुला कुठल्या विभागात काम करायचंय?’ उत्तर मिळतं, ‘कुठेही चालेल, मॅडम.’ क्यूसी (तपासणी) आणि क्यूए (गुणवत्तेची हमी) यांत फरक काय, प्रॉडक्शनमध्ये शिफ्ट केमिस्ट रिअ‍ॅक्टरपाशी नेमकं काय करतो, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीवर केमिस्ट का लागतो, रेग्युलेटरी विभागात बसून मंजुरीची कागदपत्रं कोण तयार करतं, यातलं काही त्याच्या कानावर आलेलं नसतं. एम.एस्सी.ला ऑरगॅनिक घ्यायचं की अ‍ॅनालिटिकल, हेही तो मिळालेल्या सीटवरून किंवा कोणत्या शाखेचा मान मोठा यावरून ठरवतो. ज्याला नव्या प्रक्रिया बसवायच्या आहेत, आर अँड डी करायचं आहे, त्याने ऑरगॅनिक घ्यावं. ज्याला तपासणीच्या लॅबमध्ये आयुष्य काढायचं आहे, त्याला अ‍ॅनालिटिकलचा उपयोग जास्त. हे दुसऱ्या वर्षीच कुणीतरी सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट, जी मुलांना जवळजवळ कधीच सांगितली जात नाही. १९४५ च्या औषध नियमांनुसार औषधनिर्मिती ज्यांच्या देखरेखीखाली चालते, त्या पात्र व्यक्तींमध्ये फार्मसीच्या पदवीधराबरोबर रसायनशास्त्र मुख्य विषय घेतलेला विज्ञान पदवीधरही बसतो. त्याला पदवीनंतर औषधनिर्मितीचा किमान तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. तपासणीच्या बाजूलाही तसंच आहे. आमच्या क्षेत्रातल्या जाहिरातींत ‘एचपीएलसी, जीसीमध्ये एफडीए अप्रूव्ह्‌ड’ अशी अट असते. (जीसी हेही तपासणीचं यंत्र.) ही मान्यता राज्याच्या एफडीएकडून, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडून मिळते, आणि ती मिळाली की केमिस्टचा पगार आणि मान दोन्ही बदलतात. ज्याला ही वाट माहीत आहे तो पहिल्या नोकरीत पगाराच्या हजार-दोन हजारांच्या फरकासाठी इकडून तिकडे उड्या मारत नाही. आपल्या नावावर कोणत्या कामाचा अनुभव लागतो आहे ते बघतो. ज्याला माहीत नाही तो कंत्राटदारामार्फत येतो, कागदावर हेल्पर म्हणून लागतो, काम केमिस्टचं करतो, आणि तीन वर्षांनी त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. अशी मुलं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

आयटीआयची मुलं या बाबतीत पुढे आहेत, हे मोकळेपणाने सांगायला हवं. एओसीपी (अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लँट) ट्रेड केलेला मुलगा पहिल्या दिवसापासून सांगतो, मला अप्रेंटिसशिप कुठे मिळेल. त्याच्या संस्थेत त्याची यंत्रणा असते. बी.एस्सी.च्या मुलालाही अप्रेंटिस होता येतं, हेच अनेकांना ठाऊक नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि तांत्रिक नसलेल्या शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडलं. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. पदवीधरासाठी २०१९ च्या नियमांनी महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं, आणि नॅट्‌स या केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेत त्या किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. पश्चिम विभागाचं अप्रेंटिसशिप बोर्ड मुंबईतच आहे. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तिच्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरले. प्रत्येक विभागातल्या एका प्राध्यापकाने तिसऱ्या वर्षाच्या मुलांची नॅट्‌स पोर्टलवर नोंदणी करून घेतली, तर त्या एका कामाने कितीतरी मुलांचं पहिलं वर्ष विषयातच जाईल.

नव्या शैक्षणिक धोरणाने तुमच्या हातात आणखी एक साधन दिलं आहे, ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण. बहुतेक संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. त्यातल्या चार क्रेडिटच्या ओजेटीचे तास १२० होतात. मला भीती वाटते ती वेगळीच. मुलं पत्र घेऊन कारखान्याच्या गेटवर येतील, कुणीतरी ओळखीतला सही-शिक्का मारून देईल, आणि १२० तास कागदावरच भरतील. म्हणजे पुन्हा तेच जर्नल. औषध कारखान्यांना एका वेळी फार मुलं लॅबमध्ये घेता येत नाहीत, यात आमची नियमांची अडचण आहे, हेही खरं. पण प्रयोगशाळा फक्त औषध कारखान्यातच नसते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर इथल्या प्रत्येक साखर कारखान्यात लॅब आहे. गाळप चालू असताना तिथे दिवसरात्र उसाच्या रसाचे ब्रिक्स, पोल, प्युरिटी (साखरेचं प्रमाण आणि शुद्धता) काढत असतात. दूध संघांत फॅट, एसएनएफ (फॅटखेरीजचे घन पदार्थ) आणि भेसळ तपासतात. औद्योगिक वसाहतींच्या सामायिक सांडपाणी केंद्रांवर सीओडी, बीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाची मापं) रोज लागतो. माती तपासणीच्या, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. दोन-दोन, तीन-तीन मुलं अशी वाटून पाठवली, तर प्रत्येकाच्या हाताला खरं काम लागेल. मुलाने तिथे रोज काय केलं ते त्याच दिवशी वहीत लिहावं आणि महाविद्यालयाने शिक्क्याऐवजी ती वही तपासावी.

मुलींविषयी एक शब्द. रसायनशास्त्राच्या वर्गात मुली खूप असतात, आमच्या लॅबच्या दारापर्यंत मात्र त्यातल्या थोड्याच पोचतात. केमिकल कंपनी म्हटलं की घरचे घाबरतात: वास, स्फोट, रात्रपाळी, एमआयडीसीचा सुनसान रस्ता. भीती सगळीच खोटी नाही. पण लॅबमधलं काम, पाळ्या, कंपनीची बस हे आई-वडिलांनी कधी पाहिलेलंच नसतं. पालकांच्या एखाद्या मेळाव्याला आमच्यासारख्या क्यूसीत काम करणाऱ्या बायकांना बोलवा. आम्ही जे आहे ते सांगू. त्रास काय होतो तेही सांगू. मग घरच्यांनी ठरवावं.

विद्यापीठ कायद्याने अभ्यासमंडळावर उद्योगातला माणूस घेण्याची तरतूद केली आहे. तो माणूस कंपनीचा संचालकच असावा असं नाही. दिवसभर टायट्रेशन आणि एचपीएलसी करणारा, नवीन मुलांना शिकवणारा एखादा सीनियर केमिस्ट बैठकीला बसवा. त्याला नेमकं कुठे अडतं ते ठाऊक असतं, आणि तो ते थेट सांगेल.

येत्या वर्षीच्या प्रॅक्टिकलच्या पुस्तिका छापायला जातील, त्याआधी अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत फेअर जर्नलचा विषय चर्चेला घ्यावा, एवढी विनंती. एखाद्या विभागाला एका बॅचवर प्रयोग करून बघायचा असेल, तर आमच्याकडे वर्कशीट कसं असतं, नोंद कशी दुरुस्त करतात, हे दाखवायला मी स्वतः येईन. पहिली पाळी तीनला सुटते. खेड, चिपळूण, महाडच्या महाविद्यालयांत चार-साडेचारपर्यंत पोचता येतं. लांबच्या ठिकाणी रविवारी येईन.

आपली नम्र,
लोटे परशुराम परिसरातली एक क्यूसी केमिस्ट